इम्प्रेशन लॅबकडे पाठवण्यापूर्वी

डॉक्टर,
सांगली-मिरज, तासगाव, विटा, जत या भागांतून येणाऱ्या केसच्या चिठ्ठीवर दाताचा नंबर आणि शेड (रंगछटा) असते, पण इम्प्रेशन (दातांचे माप) डिसइन्फेक्ट (जंतुमुक्त) केले आहे की नाही, हे बहुतेक वेळा लिहायचे राहून जाते. मग लॅबमध्ये आम्हाला ते करावेच लागते. तुम्हीही केले असेल, तर अल्जिनेट (माप घेण्याचा जेलसारखा पदार्थ) दोनदा द्रावणात जाते, पाणी पिऊन फुगते आणि डेन्चर (कवळी) सैल किंवा घट्ट बसते. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस तग धरतो. त्यामुळे शंका असलेला इम्प्रेशनचा ट्रे आम्ही तसाच हाती घेऊ शकत नाही.

तोंडातून काढल्याबरोबर इम्प्रेशन वाहत्या पाण्याखाली धुवा. रक्त वाळू देऊ नका. त्याच्या थराखाली हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) पोचत नाही, शिवाय रक्त आणि लाळ क्लोरीनचा जोर कमी करतात. चिकट लाळ नुसत्या पाण्याने निघत नसेल, तर डेंटल स्टोनची (दंत-प्लास्टरची) चिमूटभर पूड भुरभुरा, मऊ ब्रशने हलकेच फिरवा आणि पुन्हा धुवा. पाणी झटकून टाका.

हायपोचे द्रावण ०.५ टक्क्याचे हवे. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर १०० मिली हायपोत ९०० मिली पाणी. १० टक्के असेल तर ५० मिलीत ९५० मिली. लेबल न वाचता अंदाजाने ओतणे, ही नेहमीची चूक. द्रावण रोज नवे करा, झाकून अंधारात ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते फार लवकर उतरते. कोणत्याही ॲसिडजवळ नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

अल्जिनेटवर सगळीकडून स्प्रे करा, झिपलॉक पिशवीत १० मिनिटे बंद ठेवा, मग धुवा. हायपो राहिला तर कास्टचा (मापात स्टोन ओतून केलेल्या प्रतिकृतीचा) पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत निघतो. लगेच स्टोन पोअर करा (ओता). जत-आटपाडीहून अल्जिनेट पार्सलने पाठवूच नका, कास्ट पाठवा. ओल्या कापसात गुंडाळले तर ते फुगते, कोरडे ठेवले तर आकसते. दोन्हीकडून माप जाते.

ॲडिशन सिलिकॉन हे रबरी माप-साहित्य १० मिनिटे हायपोत बुडवले तरी चालते आणि प्रवासही सोसते. त्याची पुटी (कणकेसारखा गोळा) लॅटेक्सचे हातमोजे घालून मळू नका. गंधकामुळे ती नीट सेट होत नाही आणि मार्जिन (मापातली दाताची कड) चिकट राहते. पॉलिईथर हे दुसरे रबरी साहित्य पाणी ओढते, म्हणून १० मिनिटांवर नाही आणि ओल्या पिशवीत तर नाहीच. झिंक ऑक्साइड-युजेनॉलच्या मापाला हायपो टाळा, २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड वापरा. वॅक्स बाइट (मेणावरचा चाव्याचा ठसा) गार पाण्यानेच धुवा.

ट्राय-इन करून (तोंडात बसवून पाहून) परत येणारे काम, दुरुस्तीची जुनी डेन्चर यांचा सहसा विसर पडतो, पण तेही तोंडातूनच आलेले असते. ॲक्रिलिक डेन्चर घासून १० मिनिटे हायपोत चालते. कोबाल्ट-क्रोमची फ्रेम मात्र हायपोत घालू नका, धातूला गंज धरतो. आमच्याकडून गेलेले कामही तोंडात ठेवण्याआधी एकदा डिसइन्फेक्ट करून धुवा.

पिशवी स्वच्छ हातमोज्यांनी बंद करा आणि चिठ्ठी बाहेरून चिकटवा; आत टाकली तर भिजते आणि दूषितही होते. चिठ्ठीवर काय केले एवढेच लिहा, जसे : ‘हायपो ०.५ टक्के, १० मिनिटे, धुतले’. ही ओळ दिसली की आम्ही इम्प्रेशन पुन्हा द्रावणात घालत नाही.