परदेशी लांब मुक्काम: प्रवास विमा कोणाला मिळतो, कागद कोणते, अर्ज कसा करायचा

गोव्यातून लांब मुक्कामाला निघणारे ढोबळमानाने चार प्रकारचे: मुलांकडे राहायला जाणारे आईवडील, शिकायला जाणारी मुले, आखातात किंवा बोटीवर नोकरीला जाणारे, आणि पोर्तुगालचा निवासी व्हिसा घेऊन जाणारे. एजंट मात्र चौघांपुढे एकच दरपत्रक ठेवतो. पन्नास हजार डॉलर, एक लाख, अडीच लाख, पाच लाख असे विम्याच्या रकमेचे रकाने असतात आणि माणूस हप्ता बघून एकावर बोट ठेवतो. लांब मुक्कामात आधी दिवस बघायचे, मग वय, मग जुने दुखणे. रक्कम त्यानंतर.

दिवसांचा हिशेब

एका फेरीची साधी पॉलिसी बहुतेक भारतीय कंपन्या एका वेळी 180 दिवसांची देतात. सहा महिने आणि 180 दिवस एकच, असे धरून चालणारे इथेच फसतात. 1 नोव्हेंबर ते 29 एप्रिल हे 180 दिवस झाले. अमेरिकेत सहा महिने राहायची परवानगी मिळाली, 31 ऑक्टोबरच्या रात्री निघालात, 30 एप्रिलला परतीच्या विमानात बसलात आणि 1 मेला इथे उतरलात, तर भरतात 183. शेवटचे तीन दिवस विम्याशिवाय, आणि त्यातच विमानातला लांब प्रवास. जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही दिवस मोजून परतीचे तिकीट काढा.

सुरुवातीची तारीख भारत सोडण्याची टाका, तिकडे उतरण्याची नव्हे. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून संध्याकाळी मुंबईला जाऊन मध्यरात्रीनंतरचे विमान पकडणाऱ्यांची इथे हमखास चूक होते. गोवा-मुंबई हा देशातला टप्पा बहुतेक पॉलिसींत धरतच नाहीत. पण मुंबईहून सुटण्याच्या तारखेपेक्षा एक दिवस उशिराची तारीख पडली, तर पॉलिसी सुरू होण्याआधीच तुम्ही देशाबाहेर असता, आणि पॉलिसीची पहिली अट नेमकी हीच की ती भारतात असताना घेतलेली आणि सुरू झालेली हवी.

वर्षभराची बहुफेरी पॉलिसी स्वस्त दिसते म्हणून घेऊ नका. तिच्यात वर्षभर कितीही फेऱ्या चालतात, पण एका फेरीला 30, 45 किंवा 60 अशी दिवसांची मर्यादा असते. ती धंद्यासाठी ये-जा करणाऱ्यांची.

मुदतवाढ मिळते, पण मागितली की मिळाली असे नाही. पॉलिसी संपायच्या आत अर्ज करावा लागतो आणि तब्येत ठीक असल्याचे लेखी द्यावे लागते. आधी दावा केला असेल तर कंपनी नकार देऊ शकते. मिळाली तरी पहिल्या सहा महिन्यांत झालेले दुखणे पुढच्या मुदतीत ‘पूर्वीचा आजार’ ठरते. वर्षभर राहायचे नक्की असेल तर मुदतवाढीच्या भरवशावर जाऊ नये, त्या देशातल्या कंपनीची पॉलिसी आधीच बघावी.

व्हिसा काय मागतो

शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा अल्प मुदतीचा व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांचा. त्याला किमान 30,000 युरोचा विमा लागतो. तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, पूर्ण मुक्कामाचा हवा, आणि तातडीचे उपचार, इस्पितळ, आजारपणात किंवा मृत्यूनंतर मायदेशी आणण्याचा खर्च त्यात हवा. पोर्तुगालच्या निवासी व्हिसालाही तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणणे धरणारा प्रवास विमा जोडावा लागतो. तिकडे निवास परवाना मिळून सरकारी आरोग्यसेवेत नाव लागेपर्यंत तोच आधार, म्हणून त्याची मुदत कंजुषीने घेऊ नका.

कॅनडाच्या सुपर व्हिसाला, म्हणजे तिथल्या मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या आईवडील-आजीआजोबांच्या व्हिसाला, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशाच्या दिवसापासून निदान एक वर्षाचा विमा लागतो. नुसते कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याचा पुरावा हवा. 28 जानेवारी 2025 पासून कॅनडाबाहेरच्या कंपनीचा विमाही स्वीकारतात, पण ती कंपनी तिथल्या वित्तीय नियामकाने मान्य केलेली असावी लागते. कोपऱ्यावरच्या एजंटाची नेहमीची पॉलिसी त्यात बसेलच असे नाही.

ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर अर्जातच आरोग्य अधिभार भरावा लागतो: वर्षाला 1,035 पौंड, विद्यार्थ्यांना 776. तो भरला की सरकारी आरोग्यसेवा मिळते, पण मायदेशी आणण्याचा खर्च त्यात नाही. उलट सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसावर विम्याची सक्ती नाही, म्हणून पुष्कळ आईवडील तसेच जातात. अशा पाहुण्यांना तिथले सरकारी इस्पितळ ठरलेल्या दराच्या 150 टक्के बिल लावते. सक्ती नाही, तिथेच विम्याची गरज जास्त.

विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे नियम आधी वाचावेत, मग पॉलिसी घ्यावी. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसाला तिथलाच ठरावीक आरोग्य विमा लागतो. अमेरिकेतली बरीच विद्यापीठे आपलाच विमा घ्यायला लावतात, बाहेरचा चालवतात ते त्यांच्या अटी पुऱ्या झाल्या तरच.

ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या) शिक्क्याच्या पासपोर्टवर आखातात कामाला जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपये मिळतात. बोटीवर जाणाऱ्या तारवटींनी प्रवास विम्यावर विसंबू नये. पगारी कामावर असताना झालेली इजा त्यातून सहसा वगळलेली असते. 2006 च्या सागरी कामगार करारानुसार जहाजावर उपचार पुरवायची जबाबदारी जहाजमालकाची. त्याचे कलम कराराच्या कागदावर आहे का, ते सही करण्याआधी बघा.

आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड? ते परदेशात चालत नाही.

कागद, आणि नावाची भानगड

पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत, व्हिसा किंवा व्हिसा अर्जाचा क्रमांक, प्रवासाच्या तारखा, पॅन आणि आधार, वारसाचे नाव, तिकडचा पत्ता, आणि रद्द केलेला चेक. 1 जानेवारी 2023 पासून केवायसीशिवाय नवी पॉलिसी निघत नाही. सत्तरीच्या आसपास पोचलेल्यांकडे काही कंपन्या ईसीजी, रक्तातली साखर आणि लघवीची तपासणी मागतात. ते रिपोर्ट ताजे हवेत.

नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न् अक्षर. गोव्यात हे वाटते तितके सोपे नाही. पोर्तुगीज वळणाच्या जुन्या जन्मदाखल्यावर शिरोडकर ‘एक्स’ने सुरू होतो, कामत ‘सी’ने, आणि नाईकाच्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ येते. आधारवर ते ‘एस-एच’, ‘के’ झालेले असते. बायकांचे तर पासपोर्टवर माहेरचे आणि पॅनवर सासरचे. पॉलिसीला पासपोर्टचे नाव द्या, आणि केवायसी त्यावर अडली तर आधार किंवा पॅन आधी दुरुस्त करून घ्या. व्हिसा केंद्रावर फाइल परत आली की नवी तारीख मिळवायला दिवस जातात.

जन्मनोंदणी लिस्बनला करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांनी अर्जात नागरिकत्व ‘भारतीय’ लिहू नये. ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे मूळच्या भारतीय पण आता परदेशी नागरिक असलेल्यांना, सगळ्याच कंपन्या पॉलिसी देत नाहीत. ज्या देतात त्या भारतात राहत असल्याचा पुरावा मागतात.

आरोग्याचा रकाना

अर्जात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, शस्त्रक्रिया यांची विचारणा असते. घाईत एजंट सगळीकडे ‘नाही’ची खूण करतो. समजा बहात्तर वर्षांच्या आजी टोरांटोत चक्कर येऊन पडल्या. तातडीच्या कक्षातला डॉक्टर सवयीने लिहितो: दहा वर्षे रक्तदाब, गोळ्या चालू. दावा तपासणारा माणूस आधी ती ओळ वाचतो, मग अर्जातली खूण बघतो, आणि तिथेच दावा संपतो. त्यामुळे अर्ज स्वतः भरा, गोळ्यांची नावे लिहा, गोमेकॉतले (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातले) जुने डिस्चार्ज कागद असतील तर प्रती जोडा. हप्ता वाढतो, वाढू द्या.

पूर्वीचा आजार लिहिला म्हणून तो पूर्ण धरला जातो असेही नाही. बहुतेक पॉलिसींत त्यासाठी जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरताच खर्च मिळतो, तोही ठरलेल्या रकमेपर्यंत. नेहमीच्या गोळ्या, तपासण्या, दात यांचा खर्च आपलाच. तीन-चार महिन्यांची औषधे चिठ्ठीसकट घेऊन जाणारे शहाणे.

रक्कम निवडताना पहिल्या पानावरचा मोठा आकडा बघू नका, मागची उपमर्यादा बघा. साठीनंतर काही पॉलिसींत खोलीभाडे, आयसीयू, सर्जनची फी यांना वेगवेगळी मर्यादा असते. मग अडीच लाख डॉलरची पॉलिसी असूनही हातात थोडकेच येते. अमेरिकेतल्या ‘फिक्स्ड’ पॉलिसीही अशाच. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, म्हणजे अशा वेगवेगळ्या उपमर्यादा नसलेली, महाग, पण अमेरिकेला जायचे तर तीच बरी. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण सोसायची पहिली रक्कम, बहुधा 100 डॉलरच्या आसपास असते. ती वाढवून हप्ता कमी करता येतो. लांब मुक्कामात हा सौदा बरा ठरतो, कारण लहानसहान दावे करून मुदतवाढ बिघडवण्यात अर्थ नाही.

तिकडे आजारी पडल्यावर

भरती होण्याआधी, ते जमले नाही तर 24 तासांच्या आत, पॉलिसीवरच्या मदतक्रमांकाला फोन करून संदर्भ क्रमांक घ्या. कॅशलेस त्याच क्रमांकावर चालते. बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे बहुधा आधी खिशातून जातात आणि परत आल्यावर रुपयांत खात्यावर जमा होतात. त्यासाठी तपशीलवार बिले, पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लागतात. शिवाय बोर्डिंग पास जपा. हल्ली सगळीकडे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, आणि प्रवासाच्या तारखांचा पुरावा तर लागतोच.

व्हिसा नाकारला तर नकाराचे पत्र जोडून पॉलिसी सुरू होण्याआधी रद्द करता येते. बहुतेक कंपन्या थोडी कपात करून पैसे परत देतात. दावा फेटाळला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. गोव्याचे प्रकरण पुण्याच्या कार्यालयाकडे जाते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.