सुक्या मासळीने कोलेस्टेरॉल वाढतं?

"सुका बांगडा नको, उंदरांवर प्रयोग झालेत, कोलेस्टेरॉल वाढतं," असं मालवणपासून हर्णैपर्यंत वर्षानुवर्षं सांगतात आणि म्हाताऱ्यांच्या ताटातली मासळी काढून घेतात. उंदरावरून असं ठरत नाही. त्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे 'चांगल्या' म्हणतात त्या प्रकारात असतं. ते वाढवायला अनेक प्रयोगांत खाद्यात शुद्ध कोलेस्टेरॉल आणि पित्तातलं आम्ल मुद्दाम मिसळतात. ससा मात्र खाद्यातल्या कोलेस्टेरॉलला लगेच बळी पडतो. रशियन शास्त्रज्ञ आनिच्कोव्ह यांनी १९१३ साली तेच दाखवलं. बांगडा-तारलीतलं ओमेगा-३ हे स्निग्धाम्ल मुख्यतः ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, उतरवतं. उघड्यावर वाळवताना त्यातलं काही खवट होतं. पिवळट, घशाला लागणारा तुकडा तो. खरी काळजी मिठाची. रक्तदाब असेल तर खारा बांगडा क्वचितच, तोही भिजवून, पाणी ओतून देऊन मग तव्यावर.