शार्पनिंगने चित्रात नेमके काय बदलते?

गोव्यातील चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीतला खंड्या टिपणाऱ्या हौशी छायाचित्रकारांमध्ये एक समज रुजलेला आढळतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने नोंदवलेली कच्ची माहिती, अमुक सॉफ्टवेअरमध्ये उघडली की पिसे अधिक रेखीव दिसतात, म्हणून ते सॉफ्टवेअर श्रेष्ठ, असा तो समज आहे. ही तुलनाच सदोष आहे. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल उघडते तेव्हा शार्पनिंगची, म्हणजे कडा धारदार करण्याच्या प्रक्रियेची, मात्रा सहसा आधीच ४० वर असते. रॉथेरपी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘न्यूट्रल’ प्रोफाइल, म्हणजे आधीच ठरवलेल्या सेटिंग्जचा तो संच, निवडला तर शार्पनिंग अजिबात होत नाही. अशी दोन चित्रे शेजारी ठेवून दिलेला निकाल सॉफ्टवेअरच्या कुवतीविषयी काहीच सांगत नाही.

रॉ फाइल मुळात काहीशी मऊच, म्हणजे कडा किंचित पुसट असलेली, असते. बहुतेक सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलपुढे लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले. तीत निम्मे पिक्सेल हिरव्याचे असतात, तर लाल आणि निळ्याच्या वाट्याला प्रत्येकी पाव येतात. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून गणिताने भरावे लागतात. त्यात प्रकाशाच्या विवर्तनाची, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याची, भर पडते. एफ/१६ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र बरेच लहान केल्यावर, हिरव्या प्रकाशाच्या बिंदूचीही सेन्सरवर सुमारे २१ मायक्रॉन व्यासाची चकती होते, आणि आजच्या अनेक कॅमेऱ्यांचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा असतो.

या मऊपणावरचा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत देखणा उपाय म्हणजे ‘अनशार्प मास्क’. संगणकापूर्वी डार्करूममध्येही तो वापरला जात असे. समजा, उजळपणाच्या आकड्यांत खंड्याच्या गडद चोचीचे तीन पिक्सेल ५०, ५०, ५० आहेत आणि लगतच्या आकाशाचे १५०, १५०, १५०. प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याची आणि दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी मांडली, तर ५०, ५०, ८३, ११७, १५०, १५० अशी धूसर प्रत मिळते. मूळ आकड्यांतून ही प्रत वजा केली की सपाट भागांत शून्य उरते आणि केवळ कडेवर उणे ३३ व अधिक ३३ मिळतात. ही वजाबाकी मूळ चित्रात मिळवली की ५०, ५०, १७, १८३, १५०, १५० अशी ओळ तयार होते. कडेवरचा फरक १०० वरून १६६ झाला. डोळ्यांना चोच धारदार वाटते, कारण आपली दृष्टीही कडांवरचा फरक वाढवूनच पाहते. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच याचे वर्णन केले होते.

मात्र १७ आणि १८३ हे आकडे समोरच्या दृश्यात कधी नव्हतेच. मात्रा किंवा त्रिज्या (धूसर करताना किती दूरचे शेजारी धरायचे ते अंतर) वाढवली की चोचीभोवती पांढरी कड उमटते. एखाद्या बुवाच्या छायाचित्रात मस्तकाभोवती अशी कड दिसली आणि कोणी तिला तेजोवलय म्हटले, तर आधी शार्पनिंगची पट्टी पाहावी. हीच वजाबाकी रात्रीच्या चित्रातला दाणेदारपणाही वाढवते, कारण गणिताला पिसाची कड आणि सेन्सरचा गोंगाट यांतला भेद कळत नाही.

‘डीकॉनव्होल्यूशन’ ही पद्धत निराळी आहे. प्रकाशाचा बिंदू कसा पसरला असेल याचे गणिती प्रारूप घेऊन ती तो पसारा टप्प्याटप्प्याने उलगडते. रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि ल्यूसी यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही रीत १९९० नंतर हबल दुर्बिणीच्या सदोष आरशातून आलेल्या चित्रांसाठी वापरली गेली. रॉथेरपीच्या ‘कॅप्चर शार्पनिंग’मध्ये हीच रीत आहे. तीही सेन्सरपर्यंत न पोहोचलेला तपशील परत आणू शकत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची काही साधने पिसे हुबेहूब रंगवतात, पण ती पिसे त्या पक्ष्याची असतीलच असे नाही. पक्षी ओळखण्यासाठी अशा चित्रावर विसंबणे धोक्याचे आहे.

तुलना करायचीच असेल तर एकच रॉ फाइल घ्यावी, सर्वत्र शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणे) शून्यावर आणावे, उजळपणा आणि व्हाइट बॅलन्स (पांढऱ्या रंगाचा मेळ) जुळवावा आणि चित्र १०० टक्के आकारात, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल असे, पाहावे. रंग भरण्याच्या गणितातला खरा फरक तेव्हाच दिसू लागतो. रॉथेरपी आणि डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये हे गणित आपल्याला निवडता येते, आणि पंखांवरच्या बारीक रेषांत खोटे रंग किती उमटतात यावरून त्याची पारख करता येते.