पार्श्वभूमी: सोडियम सेलमधला थर आणि त्याचं उसनं नाव

लिथियमच्या जागी सोडियमचे आयन वापरणाऱ्या सोडियम-आयन सेलबद्दल आज जे काही लिहिलं जातं त्यात ‘एसईआय’ (सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज) ही तीन अक्षरं हमखास येतात. इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा पदार्थ) जिथे भेटतात तिथे तयार होणारा हा पातळ थर. पहिल्या चार्जिंगमधली तूट, वाढत जाणारा प्रतिरोध, सेलचं आयुष्य, सगळ्याचं श्रेय किंवा खापर शेवटी त्याच्याच माथी येतं. पण हे नाव सोडियम-आयनसाठी घडलेलं नाही. ते उसनं आहे, आणि या उसनवारीत बराच घोळ झाला.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. १९७० च्या दशकात टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियम आणि सोडियम दोन्ही सरकवून पाहिले जात होते. १९८० च्या आसपास कोबाल्टचे स्तरित ऑक्साइडही दोन्हींचे आले. या ऑक्साइडांच्या थरांच्या मांडणीची ओ३, पी२ ही नावं त्याच वेळची. १९९१ मध्ये लिथियम-आयन बाजारात आली आणि सोडियम मागे पडलं. अडचण ॲनोडची, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडची होती: ग्रॅफाइट सोडियमला जवळजवळ घेतच नाही. सोडियमचा आयन आकाराने मोठा, हे त्याचं कारण अजूनही सांगितलं जातं. ते टिकत नाही, कारण पोटॅशियमचा आयन त्याहून मोठा आणि तो ग्रॅफाइटमध्ये व्यवस्थित बसतो. सोडियमने भरलेलं ग्रॅफाइटचं संयुगच अस्थिर आहे.

आता त्या नावाकडे. १९७९ मध्ये मांडलेली कल्पना अशी: लिथियमसारखा धातू द्रावकाला टेकला की द्रावकाचं विघटन होतं आणि त्यातून उरलेल्या पदार्थांचाच पापुद्रा धातूवर बसतो. पापुद्र्यातून आयन जातात, इलेक्ट्रॉन जात नाहीत. असा पदार्थ व्याख्येनेच इलेक्ट्रोलाइट. आणि द्रव नाही, म्हणून ‘घन इलेक्ट्रोलाइट’. पुढचा शब्द अधिक महत्त्वाचा. मूळ संज्ञेत ‘आंतरप्रावस्था’ (इंटरफेज) अभिप्रेत आहे, ‘आंतरपृष्ठ’ (इंटरफेस) नव्हे. आंतरपृष्ठ म्हणजे दोन पदार्थांमधली नुसती हद्द. आंतरप्रावस्था हा स्वतंत्र पदार्थ: त्याला काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडी असते, स्वतःची रचना असते. मराठीत दोन्हींना सर्रास आंतरपृष्ठ म्हटलं जातं आणि नेमका कळीचा मुद्दा गळतो. हद्द विरघळत नाही, पदार्थ विरघळू शकतो.

१९९० मध्ये हीच कल्पना कार्बन ॲनोडला लावली गेली. इथिलीन कार्बोनेटच्या द्रावणात पहिल्या चार्जिंगला थोडं लिथियम या थरात खर्ची पडतं, थर बसला की विघटन जवळपास थांबतं आणि पुढचे चार्ज-डिस्चार्जचे शेकडो फेरे सुरळीत होतात. इतकं सुरळीत, की ‘घन’ आणि ‘एकदा बसला की बसला’ हे समानार्थी वाटू लागले. त्यात सॉलिड-स्टेट बॅटरीवाले आले. त्यांचा घन इलेक्ट्रोलाइट म्हणजे मुद्दाम बनवून घातलेलं सिरॅमिक किंवा पॉलिमर. आपोआप साचलेला पापुद्रा नव्हे. एकच शब्द, दोन अर्थ. बातम्यांमध्ये ही गल्लत आजही दिसते.

सोडियमचं पुनरागमन हार्ड कार्बनमुळे, म्हणजे ग्रॅफाइटसारखे नीट रचलेले थर नसलेल्या कार्बनमुळे झालं. २००० मध्ये या कार्बनने ग्रॅममागे सुमारे ३०० मिलीअँपिअर-तास दिले. मग जी कृती लिथियमला लागू होती तीच उचलली गेली: तेच कार्बोनेट द्रावक, त्याच जातीचं मीठ, फक्त लिथियमच्या जागी सोडियम. माझ्या मते पुढची बरीच वर्षं या नकलेत वाया गेली. सोडियमचा थर दिसायला ओळखीचा होता, फ्लोराइड, कार्बोनेट आणि सेंद्रिय क्षार असलेला. पण सोडियमचे हे क्षार त्याच द्रावकांत लिथियमच्या क्षारांपेक्षा जास्त विरघळतात. साध्या चाचणीत ते कळतं. सेल चार्ज करायचा, प्रवाह बंद करून तसाच ठेवायचा, मग पुन्हा सुरू करायचा. थांबलेल्या वेळात कोणी काही वापरलेलं नसतं, तरी चार्ज घटलेला असतो. थराचा काही भाग द्रवात गेला, आणि तो भरून काढायला नवं सोडियम खर्ची पडलं. न थांबता फेरे मोजणाऱ्या चाचण्यांमध्ये ही गळती सहज लपते.

दुसरी फसगत प्रयोगाच्या मांडणीतली. ॲनोड तपासताना समोर सोडियम धातूचा तुकडा लावण्याची पद्धत आहे. ताजा कापलेला तुकडा चांदीसारखा चकाकतो, आणि कार्बोनेट द्रावणात काळवंडत जातो. त्याच्या अभिक्रियेतून निघालेले पदार्थ द्रवातून पलीकडच्या कार्बनवरही पोचतात. म्हणजे मोजायचं एकाचं, दोष दुसऱ्याचा. २०११ मध्ये फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट हे पूरक (इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडंसं मिसळायचं रसायन) सोडियमला मानवतं असं दिसलं आणि ते जिथे तिथे पडू लागलं. लिथियमवाल्यांचं लाडकं व्हिनिलीन कार्बोनेट मात्र तिथे उपयोगी पडलं नव्हतं. त्या फायद्यातला किती वाटा हार्ड कार्बनचा आणि किती समोरच्या धातूचा, यावरचा वाद मिटलेला नाही.

२०१४ ची घटना या सगळ्याला छेद देणारी आहे. कार्बोनेटऐवजी ग्लाइम जातीचा ईथर घेतला, तर सोडियम ग्रॅफाइटमध्ये जातं. एकटं नव्हे, द्रावकाचे रेणू सोबत घेऊन. लिथियममध्ये द्रावक असा आत शिरणं हा गुन्हाच, ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटतात. इथे थरांमधलं ३.३५ अँगस्ट्रॉमचं अंतर ११ च्या पुढे ताणलं जातं, तरी हजार फेरे निघतात. क्षमता ग्रॅममागे जेमतेम १०० मिलीअँपिअर-तास, पण मुद्दा तो नाही. आयन द्रावकाचं कवच उतरवून आत येतो आणि ते उतरवणं थराच्या हद्दीत होतं, हे पाठच झालं होतं. ते इथे लागू पडत नाही. या ग्रॅफाइटवर एसईआय असतोच का, इथपर्यंत प्रश्न गेला.

कॅथोडच्या, म्हणजे धन इलेक्ट्रोडच्या बाजूची कथा निराळी आणि बहुतांशी पाण्याची. स्तरित ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पृष्ठभागावर अल्कली जमवतात, तिचा त्रास इलेक्ट्रोलाइटला होतो. प्रशियन ब्लू जातीच्या (लोह-सायनाइडच्या जाळीच्या) कॅथोड पदार्थांत पाणी स्फटिकातच अडकलेलं असतं.

२०२१ मध्ये एका मोठ्या चिनी उत्पादकाने किलोमागे १६० वॉट-तासांचा सेल जाहीर केला. २०२२ च्या शेवटी लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनजवळ गेला, तेव्हा सगळ्यांना सोडियम आठवलं. पुढे भाव कोसळला आणि उत्साहही ओसरला. विक्रेते सांगत असलेला एक फायदा मात्र थराशीच येऊन अडतो. सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पत्री चालते आणि सेल शून्य व्होल्टवर आणून पाठवता येतो. पत्री शाबूत राहते हे खरं. पण शून्यावर ॲनोडचा विभव (व्होल्टेजची पातळी) चढून कॅथोडच्या विभवाला जाऊन मिळतो. थर बसला होता तो खालच्या विभवावर. वरच्या विभवावर तो किती तगतो, हे इलेक्ट्रोलाइटवर ठरतं.