यूएईत करनिवासी ठरायचे तर : रिमोट काम करणाऱ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे यूएईत, पगारावर वैयक्तिक आयकर नाही. त्यामुळे कुठूनही काम करता येणाऱ्या अनेकांची नजर तिकडे वळते आणि व्हिसा हातात पडला की कराचा विषय मिटला, अशी समजूत होऊन बसते. ही समजूत फार महागात पडू शकते. व्हिसामुळे तुम्हाला तिथे राहता येते, एवढेच. तुम्ही यूएईचे करनिवासी, म्हणजे कराच्या दृष्टीने तिथले रहिवासी, आहात का, हे वेगळ्या नियमांनी ठरते. आणि जुना देश तुमच्याकडून कर घेणे थांबवतो की नाही, हे त्या देशाचा कायदा ठरवतो. तीन कामे, तीन कार्यालये, तीन वेगळ्या फायली. अर्जाला हात घालण्याआधी एवढे पक्के समजून घ्या.

आधी राहण्याचा परवाना

परदेशी कंपनीचे काम यूएईत बसून करणाऱ्यांसाठी तिथे 'व्हर्च्युअल वर्क' नावाचा निवास परवाना आहे. मुदत एक वर्ष, पुढे नूतनीकरण होते, आणि स्थानिक मालकाने प्रायोजक व्हावे लागत नाही. यूएईबाहेरच्या संस्थेसाठी काम करत असल्याचा पुरावा, महिन्याला किमान ३,५०० अमेरिकी डॉलर उत्पन्न आणि तिथे चालणारा आरोग्य विमा, या मुख्य अटी. परवान्यासोबत एमिरेट्स आयडी मिळते. घर भाड्याने घेताना, बँकेत खाते उघडताना हेच कार्ड लागते. गोल्डन व्हिसासारखे अपवाद सोडले, तर सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास सर्वसाधारण परवाना बाद होतो, हेही लक्षात असू द्या.

करनिवासी कोण?

२०२२ च्या मंत्रिमंडळ निर्णय क्रमांक ८५ ने याची व्याख्या केली आणि ती १ मार्च २०२३ पासून लागू आहे. व्यक्तीसाठी तीन वाटा आहेत. पैकी एक पुरी झाली तरी पुरते.

पहिली वाट : तुमचे नेहमीचे किंवा मुख्य राहण्याचे ठिकाण यूएईत आहे आणि आर्थिक व वैयक्तिक हितसंबंधांचे केंद्रही तिथेच आहे. सहकुटुंब गेलेल्यांना ही चालते. एकट्याने गेलेल्याला सिद्ध करणे अवघड. दुसरी वाट सर्वांत सरळ : कोणत्याही सलग १२ महिन्यांत १८३ किंवा अधिक दिवस प्रत्यक्ष हजेरी. तिसरी वाट ९० दिवसांची. सलग १२ महिन्यांत ९० दिवस हजेरी, शिवाय वैध निवास परवाना (यूएई किंवा आखाती सहकार्य परिषदेच्या देशाचे नागरिकत्व असले तरी चालते), आणि त्याच्या जोडीला यूएईत कायमस्वरूपी घर किंवा नोकरी-व्यवसाय.

दिवस सलग असावे लागत नाहीत आणि दिवसाचा काही भाग हजर असलात तरी तो पूर्ण दिवस धरला जातो. रात्री अकराला विमान उतरले तरी तो दिवस तुमचा.

९० दिवसांच्या वाटेने जाणाऱ्या रिमोट कर्मचाऱ्याने नोकरीपेक्षा घराचा आधार घ्यावा, असे मी आवर्जून सांगेन. मालक परदेशी, पगार परदेशातून, मग नोकरी यूएईत चालते हे पटवायला बराच खटाटोप करावा लागतो. घराचे तसे नाही. ते स्वतःच्या मालकीचे असण्याची गरज नाही, भाड्याचे चालते. पण ते तुम्हाला सतत उपलब्ध असले पाहिजे. दर महिन्याला नवे हॉटेल किंवा सुट्टीपुरते घेतलेले फ्लॅट यात बसत नाहीत. वर्षभराचा नोंदणीकृत भाडेकरार महाग वाटतो, पण या फाइलमधला सर्वांत भक्कम कागद तोच.

दाखला कशासाठी, हे आधी ठरवा

तुम्ही करनिवासी आहात, असे यूएईचे कर प्राधिकरण लेखी देते तो करनिवासाचा दाखला. हे दाखले दोन प्रकारचे आहेत. एक देशांतर्गत वापरासाठी, दुसरा दुहेरी कर टाळण्याच्या करारासाठी. दुसऱ्या प्रकारात अर्ज करतानाच देशाचे नाव द्यावे लागते आणि प्रत्येक देशासाठी वेगळा दाखला निघतो. जुन्या देशाच्या कर खात्यापुढे ठेवायचा तो हा दुसरा.

इथेच बहुतेकांची गफलत होते. ९० दिवसांवर यूएईच्या कायद्याने तुम्ही करनिवासी ठरता, पण करारात अट वेगळी असू शकते. भारत-यूएई कराराचे पाहा. त्यात यूएईचा निवासी म्हणजे संबंधित कॅलेंडर वर्षात एकूण किमान १८३ दिवस यूएईत हजर असलेली व्यक्ती. इथे ९० दिवस चालत नाहीत, आणि 'कोणतेही सलग १२ महिने' हेही चालत नाही. समजा, कोणी १ ऑगस्टला दुबईत उतरला आणि ३१ डिसेंबरपर्यंत एक दिवसही बाहेर गेला नाही, तरी त्याचे त्या वर्षातले दिवस भरतात १५३. पुढच्या जुलैपर्यंत तो तिथेच राहिला, तर यूएईच्या नियमाने त्याची हजेरी भरभक्कम. पण पहिल्या कॅलेंडर वर्षापुरती कराराची अट अपुरीच राहते. म्हणून जाण्याची तारीख ठरवताना विमानाच्या तिकिटाच्या दराआधी कराराचे निवासाचे कलम वाचावे. हे कलम बहुतेक करारांत चौथे असते.

काही देशांशी करारच नाही. अमेरिका आणि यूएई यांच्यात आयकराचा सर्वसमावेशक करार नाही. जर्मनीबरोबरचा करार २०२१ च्या अखेरीस संपला. अशा वेळी सगळी भिस्त जुन्या देशाच्या स्वतःच्या कायद्यावर राहते.

कागदपत्रे

पासपोर्ट, निवास परवाना आणि एमिरेट्स आयडी यांच्या प्रती तर लागतातच. त्याखेरीज महत्त्वाचा आहे तो प्रवेश-निर्गमन अहवाल. तुम्ही कोणत्या तारखेला देशात आलात, कधी बाहेर गेलात, याची सरकारी नोंद त्यात असते. ओळख व नागरिकत्वाचे संघीय प्राधिकरण तो देते; दुबईचा परवाना असेल तर दुबईचे निवास व परदेशी व्यवहार संचालनालय. अर्ज भरण्याआधी हा अहवाल काढा आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी, तिकिटांशी एकेक ओळ ताडून पाहा. स्मार्ट गेटमधून गेल्यावर शिक्का पडतोच असे नाही, त्यामुळे बोर्डिंग पास जपून ठेवण्याची सवय लावून घ्या. जुन्या पासपोर्टवर केलेला प्रवास अहवालात आला आहे ना, हेही बघा.

घरासाठी नोंदणीकृत भाडेकरार किंवा मालमत्तेचा दस्तऐवज. दुबईत भाडेकराराची ही नोंदणी 'एजारी' म्हणून ओळखली जाते. नुसता घरमालकाच्या सहीचा कागद पुरत नाही. उत्पन्नासाठी पगाराचे प्रमाणपत्र किंवा उत्पन्नाच्या स्रोताचा पुरावा, आणि स्थानिक बँकेचा खातेउतारा. जुन्या देशाने स्वतःचा ठरावीक फॉर्म दिला असेल आणि त्यावर यूएईच्या कर प्राधिकरणाचा शिक्का हवा असेल, तर तोही याच अर्जाला जोडायचा.

अर्ज आणि शुल्क

दाखल्याचा अर्ज फेडरल टॅक्स अथॉरिटीच्या, म्हणजे यूएईच्या कर प्राधिकरणाच्या, 'एमाराटॅक्स' पोर्टलवर ऑनलाइन होतो. खाते उघडा, दाखल्याचा प्रकार निवडा, १२ महिन्यांचा कालावधी टाका, कागद जोडा. अर्जासाठी ५० दिरहम भरावे लागतात आणि मंजुरीनंतर दाखल्याचे शुल्क : करासाठी नोंदणी नसलेल्या व्यक्तीला १,००० दिरहम, नोंदणी असलेल्याला ५००. छापील प्रत हवी तर २५० दिरहम वेगळे. पुढे येणाऱ्या काळासाठी दाखला मिळत नाही, म्हणून दिवस भरल्यावरच अर्ज करा. कालावधी निवडताना जुन्या देशाचे करवर्षही डोळ्यांसमोर ठेवा : ब्रिटनचे ६ एप्रिलला सुरू होते, भारताचे १ एप्रिलला, स्पेनचे १ जानेवारीला.

जुना देश काय म्हणतो

यूएईचा दाखला हा पुरावा आहे. जुन्या देशावर तो आदेश होत नाही. अमेरिका आपल्या नागरिकांवर आणि ग्रीन कार्डधारकांवर ते जगात कुठेही राहोत, कर लावते. परदेशातल्या कमाईवर ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते, पण विवरणपत्र भरावेच लागते. ब्रिटन २०१३ पासूनच्या वैधानिक निवास कसोटीने दिवसांबरोबर घर, कुटुंब, काम असे धागेही मोजते आणि तिथे साधारणपणे मध्यरात्री देशात असलात तर दिवस धरतात. स्पेन तात्पुरती अनुपस्थितीही स्पेनमधलीच हजेरी समजते, जोपर्यंत तुम्ही दुसऱ्या देशाचे करनिवासी असल्याचे सिद्ध करत नाही. तिथे हा दाखला खरोखर कामाला येतो.

भारतात वर्षभरात १८२ दिवस राहिलात की निवासी. आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेला माणूस वर्षात ६० दिवसांतच निवासी ठरतो, असा एक कडक नियमही आहे; नोकरीसाठी परदेशी निघालेल्या नागरिकाला जाण्याच्या वर्षी तो लागत नाही, १८२ चाच लागतो. म्हणून सप्टेंबर संपण्याआधी गेलेला त्या वर्षी सहसा अनिवासी ठरतो. नोव्हेंबरमध्ये गेलेला निवासी राहतो आणि त्याचा यूएईतला पगारही त्या वर्षीच्या भारतीय विवरणपत्रात येतो. २०२० च्या वित्त कायद्यानंतर आणखी एक तरतूद आहे : परदेशी स्रोत वगळून १५ लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असलेला आणि दुसऱ्या कोणत्याही देशात कर लागू नसलेला भारतीय नागरिक निवासी मानला जातो. मात्र त्याचा दर्जा 'सामान्यतः निवासी नसलेला' असा असतो, त्यामुळे परदेशातली नोकरीची कमाई सहसा त्यात ओढली जात नाही. पगार मात्र थेट भारतातल्या खात्यात घेऊ नका. पैसा पहिल्यांदा जिथे हाती येतो त्या जागेला भारतीय कायद्यात महत्त्व आहे. आधी यूएईच्या खात्यात घ्या, मग पाठवा.

फ्रीलान्सर असाल तर

पगारदाराला यूएईत कॉर्पोरेट कर लागत नाही. स्वतःच्या नावाने व्यवसाय करणाऱ्याला लागू शकतो : कॅलेंडर वर्षातली उलाढाल १० लाख दिरहमच्या वर गेली की नोंदणी करावी लागते आणि ३,७५,००० दिरहमपुढच्या करपात्र नफ्यावर ९ टक्के दर आहे. 'शून्य कर' ऐकून गेलेल्या फ्रीलान्सरने हा आकडा पहिल्या बिलापासून डोळ्यांसमोर ठेवावा.

शेवटी बँका. आर्थिक खात्यांच्या माहितीची आपोआप देवाणघेवाण यूएई २०१८ पासून करते. म्हणून जिथे जिथे तुमचे खाते आहे, तिथे करनिवासाचे स्वयंघोषणापत्र नव्याने भरून द्या. ते जुनेच राहिले, तर तुमची बँक तुमच्या जुन्या देशाला तुम्ही अजून तिथलेच असल्याचे कळवत राहील. आणि करनिवास बदलल्याची तारीख प्रत्येक बँकेला एकच द्या, दाखल्यावरच्या कालावधीशी जुळणारी.