विंडोजच्या थापा

पुण्यात नारायण पेठेत ओळखीच्या एका काकांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून द्यायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, आणि गणपती आले की दिवाळी अंकांची घाई. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार म्हणून काकांच्या मुलाने ऐन गडबडीत विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "अरे, फॉन्टचं सॉफ्टवेअर उठतच नाहीये. पानं लावायचं पेजमेकर मात्र चालतंय. २००१ चं आहे ते, चालतंय तरी कसं?"

मला काकांची तक्रार सोडून हा प्रश्नच जास्त आवडला. सॉफ्टवेअर काही लोखंडासारखं गंजत नाही. फाइलमधल्या सूचना २४ वर्षांपूर्वी होत्या त्याच आजही असतात, पायाखालची जमीन तेवढी बदलते. आणि ती बदलल्याचं जुन्या प्रोग्रॅमला कळू नये म्हणून विंडोज त्याला बिनदिक्कत थापा मारत असतं.

पहिली थाप स्वतःच्या वयाची. विंडोज ३.१ च्या काळात अनेक प्रोग्रॅम सुरू होताना आवृत्ती तपासत: टिंबाआधी ३ किंवा जास्त आणि टिंबानंतर १० किंवा जास्त असेल तरच पुढे जायचं. विंडोज ९५ ची खरी आवृत्ती होती ४.०. टिंबानंतर शून्य, म्हणजे नापास! म्हणून विंडोज ९५ त्या प्रोग्रॅमना आपली आवृत्ती ३.९५ सांगायचं. आजही तेच. मी नव्या विंडोजसाठी तयार आहे असं ज्या प्रोग्रॅमने जाहीर केलेलं नाही, त्याला विंडोज ११ सांगतं ६.२, म्हणजे विंडोज ८.

सिमसिटी या शहर वसवायच्या खेळाची गोष्ट तर फारच गोड. त्यात एक चूक होती. वापरून झालेली मेमरी परत केल्यावरही तो लगेच तिच्यातलं वाचायचा. मेसमध्ये हात धुऊन आल्यावर ताटातली उरलेली चटणी चाटावी तसं. जुन्या विंडोजमध्ये ताट बराच वेळ तिथेच पडून असायचं, म्हणून निभावलं. विंडोज ९५ ताट चटकन उचलायला लागलं आणि खेळ कोसळला. मग विंडोज बनवणाऱ्यांनीच खास सोय केली: सिमसिटी चालू असेल तर ताटं जरा उशिरा उचलायची. चूक खेळाची, पण गिऱ्हाईक म्हणणार नवं विंडोज वाईट. धंदा करणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. काकांना ते लगेच पटलं.

जुने प्रोग्रॅम आपली सेटिंग 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमध्येच लिहून ठेवायचे. विंडोज व्हिस्टापासून तिथे साध्या वापरकर्त्याला लिहायला बंदी आहे. पण ३२-बिट, म्हणजे आजच्या ६४-बिटच्या आधीच्या पिढीतल्या जुन्या प्रोग्रॅमला विंडोज नाही म्हणत नाही. 'लिहिलं हं' म्हणतं आणि ती फाइल गुपचूप त्या माणसाच्या खात्यातल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात टाकतं. दुकानात दोन ऑपरेटर दोन खात्यांवरून काम करतात. एकीने केलेली सेटिंग दुसरीला का दिसत नाहीत, यावरून दोघींत दोन दिवस अबोला होता, त्याचं मूळ हे.

पेजमेकरसारखा ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालतो तो मधल्या एका थरामुळे. त्याने 'सिस्टिम३२' फोल्डर मागितलं की त्याला 'सिसवाऊ६४' उघडून दिलं जातं. म्हणजे ३२ नावाच्या फोल्डरात ६४-बिट फाइली आणि ६४ नावाच्या फोल्डरात ३२-बिट. असंख्य प्रोग्रॅममध्ये 'सिस्टिम३२' हे नाव पक्कं लिहिलेलं होतं, त्यामुळे ते बदलायची सोय उरली नव्हती. प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जो 'कंपॅटिबिलिटी' भाग दिसतो, तो म्हणजे अशा काही थापा आपल्या हाताने निवडायची जागा. प्रोग्रॅम अडला तर आधी तिथे जाऊन बघावं.

मग फॉन्टचं सॉफ्टवेअर का अडलं? त्याला डोंगल लागतं, म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतल्याची खूण पटवणारी छोटी डबी, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लावायची. डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची कॉम्प्युटरशी गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम, कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतो, आणि तिथे थाप मारायला मधला थरच नाही. ६४-बिट विंडोजला ६४-बिट आणि डिजिटल सही असलेलाच ड्रायव्हर लागतो. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही. डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्रॅमही याच उंबरठ्यावर अडतात. त्यांच्यासाठी जुन्या डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम आहे.

एरवी अशा वेळी मी व्हर्च्युअल मशीन सुचवतो. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्रॅम घेऊन खिडकीतल्या खिडकीत अख्खा खोटा कॉम्प्युटर उभा करायचा, त्यात जुनं ३२-बिट विंडोज टाकायचं आणि त्याचं इंटरनेट तोडायचं. थापांमधली ही सगळ्यात मोठी. पण काकांच्या नव्या कॉम्प्युटरला तो रुंद पोर्टच नाही. डोंगल लावणार कुठे?

खरी भीती मला फाइलींची वाटते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच. ती रोमन लिपीची अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना 'क', 'ख'चे चेहरे चढवतो. फॉन्ट गेला की पानभर कचरा. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक पद्धतीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत आणि विंडोज २००० पासून मंगल फॉन्टसह ती सोय आहे, पण काकांचे वीस-बावीस वर्षांचे अंक त्याआधीच्या पद्धतीत अडकलेत. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये येतो, जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासावी लागतात. निदान पानांच्या पीडीएफ करून ठेवा म्हटलं, फॉन्ट आतच राहतो.

तूर्तास जुना कॉम्प्युटर परत टेबलावर आलाय, नेटची वायर काढून. अंक त्याच्यावर लागतो, पीडीएफ पेनड्राइव्हवरून नव्यावर जाते. रोज सकाळी जुना तारीख विसरायचा, म्हणून अप्पा बळवंत चौकाजवळच्या दुकानातून सीआर २०३२ सेल आणून बसवला.