लिंबानं दूध नासतं, मग क्रीम का थिजतं?

कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही गावात सकाळी दूध संस्थेच्या दारात उभं राहा. बादली रिकामी झाली की पहिला प्रश्न ठरलेला : ‘फॅट किती लागली?’ त्यामागोमाग एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात उरलेला घन भाग. त्यात प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार येतात. दुधाचा दर या दोन आकड्यांवर ठरतो. पुढं जो थंडगार गोड पदार्थ सांगणार आहे, तोही याच दोन आकड्यांचा खेळ आहे.

पदार्थाचं नाव पॉसेट. मूळचा इंग्लंडचा. मध्ययुगात हे गरम पेय होतं. वाईन किंवा एल (बिअरचा एक प्रकार) घालून दूध फाडायचे. आजचं पॉसेट वाटीत लावून चमच्यानं खायचं. जिन्नस तीनच : क्रीम, साखर, लिंबू. अंडं नाही, जिलेटीन नाही, फेटाफेटी नाही. नृसिंहवाडीच्या बासुंदीसारखं तासन् तास ढवळत बसायचंही नाही.

पहिल्यांदा केलं तेव्हा सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. तापलेल्या क्रीमवर मी लिंबाचा रस ओतायला लागले तसा त्यांनी हात धरला. ‘काय करालीस गं? नासंल की सगळं!’

त्यांचं चूक नव्हतं. म्हशीच्या गरम दुधात लिंबू पिळलं की घटकेत त्याच्या गुठळ्या आणि हिरवट निवळी वेगळी होते. दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात. त्यांच्या अंगावर केसांसारखे तंतू आणि ऋण विद्युतभार असतो, त्यामुळं ते एकमेकांना ढकलत सुटे राहतात. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), 6.6 ते 6.7 असतो. लिंबाच्या आम्लानं तो उतरत 4.6 च्या आसपास आला की हा भार मावळतो. मग गोळे एकमेकांना चिकटतात, आवळतात आणि मधलं पाणी बाहेर पिळून टाकतात. पनीर होतं ते असं.

क्रीममध्येही तेच केसीन, तेच आम्ल. फरक पडतो प्रमाणात. म्हशीच्या 100 ग्रॅम दुधात फॅट साधारण 7 ग्रॅम आणि प्रथिनं 4 ग्रॅमच्या घरात. म्हणजे फॅट प्रथिनांच्या दुप्पटही नाही. 35 टक्के फॅटच्या क्रीममध्ये प्रथिनं जेमतेम 2 ग्रॅम. तिथं फॅट सतरा पटीच्या वर जाते. आम्ल पडल्यावर केसीनला चिकटायचं असतंच, पण मध्ये फॅटच्या थेंबांची दाटी. ज्योतिबाच्या यात्रेत ताटातूट झालेल्या घरच्यांनी एकमेकांना शोधावं तशी गत. मोठी गुठळी होतच नाही. केसीनचं पातळ जाळं थेंबांमधून पसरतं आणि पाणी जागच्या जागी अडकतं. पुढं फ्रिजच्या गारठ्यात फॅटचा बराचसा भाग घट्ट होतो आणि वाटीला बळकटी येते. हीच फॅट अंगाच्या उष्णतेला वितळते, म्हणून चमचा तोंडात गेला की सगळं विरघळतं.

आता कृती. अर्धा लिटर क्रीम आणि 140 ग्रॅम साखर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात घ्या. मोठ्या म्हणायचं कारण, क्रीम दुधापेक्षा जोरात उतू जातं. उकळी आली की मध्यम आचेवर तीन मिनिटं ढवळत ठेवा. थोडं पाणी उडतं, शिवाय निवळीतली प्रथिनं उष्णतेनं उलगडून केसीनला चिकटतात आणि जाळं पक्कं होतं. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग 70 मिलिलिटर गाळलेला लिंबाचा रस घालून हलवा. आपली कागदी लिंबं पाच-सहा तरी लागतात. मिश्रण तिथंच किंचित दाटलेलं कळतं. दहा मिनिटांनी सहा वाट्यांत ओता आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवा. साखर बघून हात आखडू नका. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते.

माझी फजिती झाली ती क्रीमवरून. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात क्रीम विकत कशाला आणायचं, या तोऱ्यात मी घरची साय घेतली. भाकरीएवढी जाड, मिक्सरमधून काढलेली. पॉसेट झालं रव्यासारखं. साय म्हणजे नुसती फॅट नव्हे. दूध तापताना प्रथिनं एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतात आणि फॅट त्यात अडकते. हे आधीच गोठलेले तुकडे मिक्सरनं बारीक होतात, सुटे होत नाहीत. शिवाय मिक्सर जरा जास्त फिरला की लोणी निघतं. ती साय विरजून तूपच करावं.

दुकानातही पाकीट उलटून वाचा. केकवर लावायच्या पुष्कळशा ‘व्हिपिंग क्रीम’मध्ये वनस्पती तेल असतं, त्यात केसीन नावापुरतं, त्यामुळं लिंबू काम कशावर करणार? 25 टक्के फॅटचं क्रीम मिळालं तर ते अर्ध्या लिटरचं साडेतीनशे मिलिलिटरपर्यंत आटवून घ्या. फॅट 35 टक्क्यांवर येते, पण प्रथिनंही त्याच प्रमाणात दाटतात, म्हणून पोत थोडा जडच राहतो. गुळाचा मोह मलाही झाला होता. पण गूळ स्वतःच थोडा आंबट असतो, गरम दुधात पडला की कधीकधी तोच ते फाडतो. खिरीत गूळ शेवटी घालतात तो याचसाठी. इथं साखरच बरी.

सासूबाईंनी पहिला चमचा खाल्ला आणि म्हणाल्या, ‘श्रीखंडासारखं लागतंय की.’ जवळचं नातं त्यांनी अचूक ओळखलं. श्रीखंडातही आम्लानंच केसीन धरतं. ते आम्ल विरजणातले जिवाणू रात्रभर तयार करतात आणि चक्का बांधून आपण पाणी गाळून टाकतो. इथं आम्ल आयतं लिंबातून येतं आणि पाणी आत राहतं.

वाट्यांवर झाकण मात्र आठवणीनं ठेवा. फॅट वास फार लवकर धरते, आणि आमच्या फ्रिजमध्ये शेजारीच तांबड्या रश्श्याचं पातेलं होतं.